जखम स्वच्छ आहे

६ जानेवारी

प्रिय वहिनी,

काल दादाचा फोन आला होता. आप्पांच्या तळपायाची जखम अजून तशीच आहे आणि ‘घरी नीट साफसफाई होत नाही’ असं डॉक्टरांचं म्हणणं आहे, असं त्यानं सांगितलं. फोन स्पीकरवर होता, मागे आप्पा घसा खाकरत होते, म्हणून मी काही बोलले नाही. पण गप्प बसणं मला जमत नाही हे तू जाणतेस. म्हणून हे पत्र, आणि तेही दुकानाच्या पत्त्यावर, म्हणजे थेट तुझ्या हातात पडेल.

शिंप्याच्या दुकानात टाचण्या असणारच. साखरेच्या आजारानं पायाची जाणीव गेली असेल तर टाचणी रुतलेली कळणारही नाही. इथपर्यंत मला समजतं. पण ऑक्टोबरातली जखम जानेवारीत भरत नाही, म्हणजे कुठेतरी हयगय होते आहे. राग मानू नकोस, वहिनी. मी रोज जंतूंमध्येच काम करते, म्हणून सांगते. पट्टी बदलण्याआधी हात साबणानं कोपरापर्यंत धूत जा. पाणी उकळून गार केलेलंच घे. घरातला कापूस जखमेला लावू नकोस, त्याचे तंतू आत राहतात. जुनी पट्टी लगेच घराबाहेर टाक. हे सगळं एका कागदावर लिहून मशीनच्या वर चिकटव, म्हणजे विसरणार नाही.

आणि एक आनंदाची गोष्ट. डॉक्टर जखमेवर ती चंदेरी जाळी लावतात ना, ती ज्या कंपनीची आहे तिथेच मी नोकरी करते! चांदीचा मुलामा दिलेली ती जाळी आमच्याच लॅबमध्ये तपासली जाते, आणि सहा महिन्यांपासून ते काम माझ्याकडे आहे. नव्व्याण्णव टक्के जंतू माझ्या डोळ्यांदेखत मरतात. आप्पांनी मला शिकवलं आणि आज मी तपासलेली जाळी त्यांच्या पायावर आहे, या विचारानं मला किती बरं वाटतं ते तुला सांगता येत नाही. तेव्हा जाळीत दोष नाही. लक्ष घरातच घालायला हवं.

तुझी नणंद

१३ जानेवारी

वन्सं,

पत्र मिळालं. ‘राग मानू नकोस’ असं कुणी लिहिलं की मी ती राग मानायची परवानगी समजते.

हात मी कोपरापर्यंत धुते. पाणी उकळते. कापूस लावत नाही. हे सगळं मला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मशीनच्या वर कागद न चिकटवताही माझ्या लक्षात राहिलं. मी दहावी झालेय गं, अगदीच दगड नाही.

आता तुझ्या दादानं फोनवर काय सांगितलं नाही ते ऐक. जखम झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली, नाक मुरडलं आणि दार सताड उघडं असताना माझ्याकडे बघून विचारलं, “घरात हीच बाई आहे ना? की पाहुणी आलीय?” बाहेरच्या बाकांवर दहा-बारा माणसं बसलेली. त्यातल्या दोघींच्या झग्यांना मीच काज-बटणं करून दिलीत. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. तुझा दादा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. आणि आप्पा आपल्याच पायाकडे असं बघत होते, जसा काही पाय दुसऱ्याचा आहे आणि ते माप घ्यायला आलेत.



त्या दिवसापासून दवाखान्यात निघायच्या आधी मी त्या तपकिरी औषधानं जखम दोन-दोनदा धुते, कडा पुसते, कोरी पट्टी बांधते. पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडतो ना, तसं. आता डॉक्टर नाक मुरडत नाहीत. बोळा फिरवून नमुना घेतात, तपासणीला पाठवतात आणि रिपोर्ट येतो: जंतू नाहीत, जखम स्वच्छ आहे. मग म्हणतात, जखम स्वच्छ असून भरत नाही, म्हणजे पेशंटच्या तोंडात गोड जातंय. “सूनबाई, चोरून देता का काही?” तेही दार उघडं ठेवूनच. अस्वच्छ तरी मी, स्वच्छ तरी मीच!

आणि शेवटचं. तुझ्यापासून लपवायचं असं दोघा बापलेकांनी ठरवलंय, पण मी त्या ठरावात नव्हते. महिना-दीड महिन्यात फरक पडला नाही तर घोट्यापासून पाऊल काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणालेत. मशीनचं पायटं आप्पा त्याच पायानं चालवतात. काल गिऱ्हाइक नसताना मशीनचं चाक नुसतं हातानं फिरवत बसले होते.

आता पाठव अजून सूचना.

वहिनी

१९ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र लॅबच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच खाली बसले.

मी कान पकडते. दादाचं एक वाक्य ऐकून मी तुला सूचनांचा पाढा वाचला. त्याला ‘वहिनी काय म्हणते’ एवढं विचारायचंही मला सुचलं नाही. घरातली मी पहिली पदवीधर, तर निदान विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये एवढं तरी शिकायला हवं होतं.

पण त्या डॉक्टरांचं काय करावं? पाहुणी! तीन महिने तू वाकून पट्ट्या बांधते आहेस आणि त्यांना तू पाहुणी दिसतेस! ते दार त्यांनी उघडं का ठेवलं? उपचार करताना बंद करतात आणि बोलताना उघडतात, अशी रीत आहे का त्यांची? संतापानं माझं कामात लक्ष लागत नाही. आज जंतू वाढवायच्या एका काचेच्या तबकडीवर चुकीची तारीख लिहिली.

पाऊल काढायचं हे मी मान्य करणार नाही. रिपोर्ट स्वच्छ आणि जखम मात्र भरत नाही, हे कुठेतरी जुळत नाही. साखर आटोक्यात आहे आणि पायाचा रक्तपुरवठा चांगला आहे, असं दादानं मागेच सांगितलं होतं. मग अडतंय कुठे? मला एकच सांग, अगदी नीट बघून सांग. जखमेचा तळ कसा दिसतो? लाल दिसतो की त्यावर काही असतं?

तुझी नणंद

२५ जानेवारी

वन्सं,

कान सोड, दुखतील. झालं ते झालं.

दादाला तुझं पत्र दाखवलं नाही, पण त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, “डॉक्टरांना उलट बोलून चालतं का? उद्या त्यांच्याच दारात जायचंय.” मी म्हटलं, “माझ्याही दारातून रोज आत-बाहेर करतोस, मला बोललेलं चालतं का?” त्यावर त्याला एकदम गाडीत पार्सलं भरायची आठवण झाली. दिवसभर लोकांच्या घरी खोकी पोचवतो, पण घरात एक शब्द वेळेवर पोचवता येत नाही.

जखम नीट बघितली. तळ लाल नाही. त्यावर पातळसं, पिवळट, चकचकीत काहीतरी असतं. गार झालेल्या खळीवर पापुद्रा धरतो तसं. ओल्या कापडानं पुसलं तर कापड नुसतं घसरतं. थोडं निघाल्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. वास येत नाही, पू नाही. डॉक्टरांना मी एकदा दाखवलं होतं. म्हणाले, “ते औषध आहे, ते तसंच दिसतं.” आणि जाळी त्याच्यावरच लावली.

आप्पा बरे आहेत. म्हणजे कण्हत नाहीत. परवा मला म्हणाले, “पोरी, एक पाय गेला तर हाताचं मशीन बघू.” मी म्हटलं, “आधी तोंडाचं चालू करा.” हसले. पण चालू केलं नाही.

वहिनी

३० जानेवारी

प्रिय वहिनी,

न्हाणीतल्या बादलीत आतून बोट फिरव. पाणी रोज बदलतं, बादली रोज विसळली जाते, तरी आतून बुळबुळीत लागते ना? तेच आप्पांच्या पायात आहे.

जंतू मोकळे फिरत असतात तोवर दुबळे असतात. पण एखाद्या जागी चिकटले, की ते स्वतःभोवती एक बुळबुळीत थर उभारतात आणि त्यात घर करून राहतात. आम्ही त्याला बायोफिल्म म्हणतो. जखमेत होतो, शरीरात घातलेल्या नळ्यांवर होतो, बसवलेल्या कृत्रिम सांध्यांवरही होतो. त्या थरातून औषध आत जात नाही, चांदीही पुरेशी पोचत नाही. तो विसळून जात नाही. शस्त्रक्रियेच्या हत्यारांनी खरवडूनच काढावा लागतो.

आता आमच्या लॅबची गोष्ट ऐक. आम्ही काचेच्या तबकडीत ताजे जंतू पेरतो, लगेच वर जाळीचा तुकडा ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी मोजतो. जंतू नुकतेच आलेले असतात, चांदी त्यांना गाठते. नव्व्याण्णव टक्के! पण आप्पांच्या पायावर जाळी लागली तेव्हा जंतू येऊन कितीतरी आठवडे झाले होते. ते भाडेकरू राहिले नव्हते, मालक झाले होते. तुझं पत्र आल्यावर, आठवडाभर न हलवलेली एक तबकडी आमच्या कपाटात उरली होती, ती मी काढली. वर तसाच पापुद्रा होता. जाळी लावली, मग बोळा फिरवला. जवळजवळ काहीच नाही! क्षणभर मला हायसं वाटलं. मग तो थर पात्यानं खरवडून काढला, फोडला आणि वाढायला ठेवला. सकाळी तबकडी गच्च भरलेली. बोळा नुसता वरून घसरला होता, तुझ्या कापडासारखा.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट. तुझं तेरा तारखेचं पत्र मी आज पुन्हा वाचलं. निघायच्या आधी तू जखम दोनदा औषधानं धुतेस! म्हणजे वरचे मोकळे जंतू मारून, पुसून, मग बोळा फिरतो. त्याला काय सापडणार? डॉक्टरांनी चारचौघांत तुझा अपमान केला म्हणून तू धुऊन न्यायला लागलीस. तू धुतलंस म्हणून रिपोर्ट स्वच्छ आला. रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून त्यांनी आत बघितलंच नाही, आणि पुन्हा तुलाच चोर ठरवलं. तीन महिन्यांत एकदा तरी विचारायचं की घरून निघताना काय करता! नमुना घेण्याआधी हा प्रश्न विचारायचा, हे आम्हाला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. वहिनी, तूच सांग. एका माणसाच्या तिरकस बोलण्यापायी आप्पांचं पाऊल जाईल?

यापुढे निघताना धुऊ नकोस. जशी आहे तशी ने. बोळा नको, आतला छोटा तुकडा तपासा, असं सांग. आणि खरवडण्यासाठी मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनकडे चिठ्ठी माग. मी येऊ का? रजा मिळत नाही, पण तू म्हणालीस तर येते.

तुझी नणंद

७ फेब्रुवारी

वन्सं,

आधी त्या फोनबद्दल. पत्र वाचून मी तुला सहज विचारलं, “बादलीसारखं, म्हणजे घासणीनं घासू का?” तर तू अशी किंचाळलीस, की आप्पांच्या हातातून कात्री पडली आणि दादाला वाटलं तुझ्या लॅबला आग लागली. मी थट्टा करत होते गं बाई. निम्मी थट्टा. निम्मी खरंच विचारत होते. बरं झालं ओरडलीस.

मंगळवारी न धुता नेली. वाटेत असं वाटत होतं, जसं काही मी उघड्या अंगानं चाललेय. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि आलंच ते नाक. “बघा! चार दिवस लक्ष दिलं नाही की हे असं होतं!” बाहेर बाक भरलेले. मी म्हटलं, “डॉक्टर, दर वेळी मी घरून धुऊन आणत होते, आज मुद्दाम धुतलेली नाही. बोळ्यानं नको, आतला तुकडा घेऊन तपासा.” ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मशीनच बोललं.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“माझ्या नणंदेनं. जंतूंच्या लॅबमध्ये आहे. तुमची ही जाळी तीच तपासते.”

“मग पायही तिलाच दाखवा,” असं म्हणून त्यांनी घंटी वाजवली. तुझ्या दादानं त्यांची माफी मागितली. माझ्या वतीनं! माझ्यासमोर! आणि माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

बाहेर आल्यावर मी दंड सोडवला, गाडीचं मागचं दार उघडलं आणि खोक्यांमध्ये जाऊन बसले. दादा म्हणाला, “खाली उतर, तमाशा नको.” मी म्हटलं, “मी पार्सल आहे. पत्ता, मोठं रुग्णालय. आप्पांना पुढे बसव आणि आम्हाला पोचव, नाहीतर संध्याकाळपर्यंत मी हलत नाही.” आप्पा पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मग दादा करतो काय.

चिठ्ठी नव्हती म्हणून फार वेळ बसवलं. शेवटी एक सर्जनबाई आल्या, तुझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी चिमट्यानं तो पापुद्रा उचलून मलाच दाखवला. “हे कधीपासून आहे?” मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, उघडले, आणि कामाला लागल्या. तिथल्या तिथे खरवडलं, आतला तुकडा तपासणीला घेतला, एक्स-रे काढला. आप्पांना दुखलं नाही, पण मी भिंतीकडे तोंड केलं.

रिपोर्ट आज आला. आत जंतूच जंतू आहेत. दोन बोटांच्या हाडांपर्यंत पोचलेत. ती बोटं राहणार नाहीत, वन्सं. पाऊल राहील असं बाई म्हणतात, पण खात्री देत नाहीत.

तू येऊ नकोस. तिथेच राहा आणि तुझ्या त्या जाळीवाल्यांना सांग.

वहिनी

१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

दोन बोटं. ऑक्टोबरात खरवडलं असतं तर एकही गेलं नसतं.

मी सांगितलं. सोमवारच्या बैठकीत आमचे विभागप्रमुख सर होते, विक्री विभागाचे साहेब होते. मी दोन्ही तबकड्या, बोळ्याची आणि खरवडलेल्या थराची, टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, आपली जाळी ताज्या जंतूंवर चालते, बसलेल्या थरावर चालत नाही. तसं पाकिटावर छापायला हवं: आधी जखम खरवडून घ्या, मगच लावा. विक्रीचे साहेब म्हणाले, “मग पाकिटात खरवडणारा डॉक्टरही घालून देऊ का?” सगळे हसले. मी आमच्या सरांकडे बघितलं. सर मला शिकवणारे, मला नोकरी देणारे. ते पेनाचं टोपण उघड-मीट करत होते. बैठक संपल्यावर म्हणाले, “आपण ठरलेल्या पद्धतीनं तपासतो. पद्धत आपण बनवलेली नाही. तू खोटं काहीच लिहीत नाहीस.”

वहिनी, हेच मला सहन होत नाही. डॉक्टरांनी खोटं लिहिलं नाही, तपासणीवाल्यांनी लिहिलं नाही, मीही लिहिलं नाही. सगळ्यांनी खरं खरं लिहिलं, आणि आप्पांचा पाय कुजत राहिला!

पुढच्या महिन्यात नवी खेप निघणार आहे. बसलेल्या थरावरची चाचणी केल्याशिवाय तिच्या अहवालावर मी सही करणार नाही, असं मी सरांना लेखी दिलं. ते म्हणाले, तुझी नसेल तर दुसऱ्या कुणाची तरी असेल. खरं आहे ते. रात्रभर विचार करते आहे. या नोकरीसाठी आप्पांनी डोळे फुटेस्तोवर शिवण शिवली. मी चूक करते आहे का?

शस्त्रक्रिया कधी आहे? दादाला फोन केला की ‘सगळं ठीक’ एवढंच म्हणतो, आणि मला त्याचं ‘ठीक’ कळेनासं झालं आहे.

तुझी नणंद

२१ फेब्रुवारी

वन्सं,

शस्त्रक्रिया झाली. आदल्या दिवशी आप्पांना ताप चढला होता, ते तुला कळवलं नाही. तू धावत आली असतीस आणि इथे येऊन सर्जनबाईंना शिकवलं असतंस. दोन बोटं गेली. पाऊल आहे. टाच आहे. बाईंनी सांगितलंय, एकदा खरवडून भागत नाही, थर परत धरतो. म्हणून दर आठवड्याला बघायचं, लागेल तर खरवडायचं, आणि खरवडल्याबरोबर लगेच तुमची जाळी लावायची. तेव्हाच तिचा उपयोग. म्हणजे जाळी वाईट नाही गं. चुकीच्या पानावर वाढली होती.

सही करू नकोस. नोकरी गेली तर ये घरी, काज-बटणं शिकवीन. तुझे टाके वाकडे येतील, पण गिऱ्हाइकांना आपण सांगू, पदवीधर बाईचे टाके आहेत.

तुझ्या दादाबद्दल. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलो होतो तेव्हा म्हणाला, “तू खोक्यांत बसली नसतीस तर?” बसू दे त्याला त्या प्रश्नाबरोबर थोडा वेळ.

वहिनी

२५ मार्च

प्रिय वहिनी,

नोकरी आहे. सही केलेली नाही.

नवी खेप अडली. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, सही का नाही? सरांना माझं लेखी त्यांच्यासमोर ठेवावं लागलं. मग हुकूम आला, बसलेल्या थरावर चाचणी करा. आम्ही केली. मला जे दिसलं तेच सगळ्यांना दिसलं. शिवाय थर आधी खरवडला तर जाळी किती चांगलं काम करते, तेही दिसलं. मला वाटलं, जिंकलो. दोन आठवड्यांपूर्वी पाकिटाचा नवा नमुना आला. समोर ‘नव्व्याण्णव टक्के’ माझ्या तळहाताएवढं. आणि आपलं वाक्य मागे, तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. मी भिंग घेऊन विक्रीच्या साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, वाचून दाखवा. त्यांनी भिंग बाजूला केलं आणि म्हणाले, “ताई, छापलंय ना? आता काय?”

आता काय ते मी त्यांना सांगितलं. ते वाक्य समोरच्या बाजूला, आकड्याच्या खाली, आकड्याएवढ्या अक्षरांत येईपर्यंत मी दर सोमवारी त्यांच्या खोलीत येणार आहे. सरांनी मला समज दिली. पण दुसऱ्या सोमवारी तेच माझ्याबरोबर आले, आणि दारातच उभे राहिले. तेही काही कमी नाही.

आप्पांचा पाय कसा आहे? खरं लिही.

तुझी नणंद

३ एप्रिल

वन्सं,

खरंच लिहिते. जखम लाल आहे. ताज्या मांसाची लाल, आणि कडा आत सरकतायत. सर्जनबाई म्हणाल्या, आता मधल्या आठवड्यांतली पट्टी घराजवळच्या दवाखान्यात करा, दर वेळी इतक्या लांब कशाला येता. त्यांनी सगळं लिहून दिलं. म्हणून काल पुन्हा त्याच दारात गेलो. मी, आप्पा आणि तुझा दादा.

डॉक्टरांनी बाईंचा कागद वाचला. पट्टी सोडली. बराच वेळ बघत राहिले. दार उघडंच होतं. मग बाकांकडे तोंड करून म्हणाले, “बघा! मी पहिल्यापासून हेच सांगत होतो. घरच्यांनी मनावर घेतलं की जखम भरते. काय सूनबाई, जमलं ना शेवटी?”

वन्सं, माझ्या हातात आप्पांची चप्पल होती. तिचं काय करावंसं वाटलं ते लिहीत नाही, तू पदवीधर माणूस आहेस.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पा बोलले.

“डॉक्टर, हिला तुम्ही काय म्हणाला होता ते आठवतं का?”

“कुणाला?”

“माझ्या सुनेला. पाहुणी आलीय का, म्हणाला होता. चोरून गोड देते का, म्हणाला होता.”

“अहो आप्पा, ते बोलण्याच्या ओघात काहीतरी... चला, पुढचा पेशंट खोळंबलाय.”

“खोळंबू दे. मी उठत नाही.” आप्पांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले. “दोन बोटं गेल्यापासून मला उठायला तसाही वेळच लागतो.”

बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. कंपाउंडर दार लावायला आला. तुझा दादा दारात जाऊन उभा राहिला, पाठ चौकटीला टेकवून. म्हणाला, “राहू दे उघडं.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. माझ्याकडे बघितलं नाही, बाईंच्या कागदाकडे बघितलं, आणि पुटपुटले, “चूक झाली माझी. तुमचं काही चुकलं नव्हतं.”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, पुरे का, असं.

“ऐकू आलं नाही,” मी म्हटलं.

मला आलं होतं, वन्सं. बाकांवरच्यांना आलं नव्हतं.

तुझी वहिनी